तीन किलोंचा कॅलिपर

हैदराबादच्या कांचनबाग भागातील संरक्षण प्रयोगशाळेत ‘अग्नी’ क्षेपणास्त्रासाठी एका विलक्षण हलक्या पदार्थावर काम चाले. कार्बनच्या तंतूंमध्ये कार्बनचीच भर घालून तो बनविलेला होता. अवकाशातून वातावरणात परत शिरताना क्षेपणास्त्राचे टोक दोन हजार अंशांहून अधिक तापते; ती आच सोसणे हे त्या पदार्थाचे काम. ‘अग्नी’चे पहिले उड्डाण २२ मे १९८९ रोजी झाले. त्याच शहरातील निझाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसचे एक अस्थिशल्यविशारद एकदा ही प्रयोगशाळा पाहावयास आले. त्यांनी तो पदार्थ उचलून पाहिला आणि प्रयोगशाळेचे त्या वेळचे प्रमुख डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांना ते आपल्या रुग्णालयात घेऊन गेले. तेथे लहान लहान मुले-मुली धातूचे तीन तीन किलोंचे कॅलिपर ओढीत चालत होती. पुढे तीन आठवड्यांत तीनशे ग्रॅमचे कॅलिपर तयार झाले. ही हकीकत डॉ. कलाम आपल्या व्याख्यानांतून सांगत असत.

ही गोष्ट बहुधा नव्या पदार्थाची करामत म्हणून सांगितली जाते. परंतु तो पदार्थ तर प्रयोगशाळेत होताच. त्याच्यावाचून कोणाचे अडले आहे, हे तेथे कोणास ठाऊक नव्हते. डॉक्टरांनी आणला तो प्रश्न, आणि तोही नेमका. मुलांचे कॅलिपर मोडत होते, अशी तक्रार नव्हती. लोखंड पुरेसे मजबूत होते. ‘याहून मजबूत काय मिळेल?’ असे कोणी विचारले असते, तर अधिक चांगले पोलाद मिळाले असते आणि मूल होते तसेच पाय ओढीत राहिले असते.

दुखणे वजनाचे होते, आणि वजन कोठे आहे यालाही महत्त्व होते. भरलेली कळशी कडेवर घेऊन बाई कोसभर जाते. तीच कळशी हात लांब करून धरावयास सांगितली, तर दहा पावलेही जाववत नाही. पावलापाशी बांधलेला भार प्रत्येक पावलागणिक उचलून पुढे झोकावा लागतो, आणि तोही दुबळ्या स्नायूंनी.

पण मुळात एवढे लोखंड लागत होते कशासाठी? पोलिओने मांडीचा पुढचा स्नायू लुळा पडला, की पाय टेकताच गुडघा वाकतो. अशी मुले हाताने मांडी दाबून चालताना पुष्कळांनी पाहिली असतील. जुन्या कॅलिपरचे उत्तर सरळ होते: मांडीपासून टाचेपर्यंत पट्ट्या बांधावयाच्या आणि गुडघा अडकवून टाकावयाचा. हलक्या कॅलिपरमागचे तत्त्व निराळे, आणि ते वैद्यकास आधीपासून ठाऊक होते. जमीन पावलाला उलट रेटा देते. घोटा किंचित खाली झुकलेल्या स्थितीत ताठ ठेवला आणि नडगीच्या वरच्या भागाला पुढून आधार दिला, तर तो रेटा गुडघ्याच्या पुढून जातो व गुडघ्याला मागे लोटून सरळ ठेवतो. मांडीवरच्या पट्ट्यांची गरजच उरत नाही. ‘फ्लोअर रिअ‍ॅक्शन ऑर्थोसिस’ हे त्याचे नाव या रेट्यावरूनच पडले.

असा विचार झाल्यावर पदार्थाकडून काय हवे, ते स्पष्ट होते. तो घोट्यापाशी वाकता कामा नये, नाहीतर रेटा वाया जाईल. तो रोजच्या आदळआपटीने तडकू नये. पायाच्या आकाराप्रमाणे त्याला घडविता यावे. आणि तो हलका असावा. पोलादाचा एक घन सेंटिमीटर सुमारे ७.८ ग्रॅम भरतो, तर तंतूंनी बळकट केलेले प्लास्टिक दोन ग्रॅम किंवा त्याहूनही कमी. दोन हजार अंशांची आच सोसण्याचा गुण, ज्यासाठी क्षेपणास्त्राला तो पदार्थ हवा होता, तो या यादीत कोठेच नाही. मुलाच्या पायाला त्याचा काय उपयोग?

जयपूरच्या कृत्रिम पावलाची कथाही अशीच आहे. डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांच्यासमोर १९६०च्या दशकात आलेले परदेशी धर्तीचे पाय वाईट नव्हते; ते बूट घालून खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी होते. येथील माणूस अनवाणी शेतात जातो, उकिडवा बसतो, मांडी घालतो. हे ध्यानी घेतल्यावर रबर पुढे आले.

भारतात नैसर्गिक (वाइल्ड) पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला. आधी पाय गमावलेली माणसे मात्र आजही कॅलिपर वापरतात. तीनशे ग्रॅमचा कॅलिपर त्यांपैकी सर्वांना चालत नाही. ज्याचा गुडघा आखडून वाकलेलाच राहिला आहे, त्याचा रेटा गुडघ्याच्या पुढून जाऊच शकत नाही. त्याला आधी उपचार किंवा जुनाच लांब कॅलिपर लागतो. म्हणून माप घेणारा तंत्रज्ञ प्रथम रुग्णाला निजवून गुडघा कितपत सरळ होतो ते पाहतो, आणि मगच साचा घेतो.