अंगाला खाज : वर्दी कुणाची?

मंडणगडला पावसाळ्याचे चार महिने ओलावा घरातच मुक्कामाला असतो. चुलीवरच्या दोरीवर दोन-दोन दिवस वाळत घातले, तरी कपडे दमटच. अशात कुणी अंग खाजवू लागलं की आपण म्हणतो, "पावसाळ्याचंच आहे, जाईल!" आणि दुकानातून ट्यूब आणून मोकळ्या होतो. पण मैत्रिणींनो, खाज ही आजाराची वर्दी असते. ती कुणाची, हे आधी पाहायला हवं.

पहिला प्रश्न : घरात आणखी कुणाला खाजतं का? रात्री अंथरुणात खाज वाढत असेल आणि बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेभोवती पुटकुळ्या असतील, तर ती बहुधा खरूज. तिचा बारीक किडा कातडीत बीळ करून राहतो. पहिल्या लागणीत खाज सुटायला चार ते सहा आठवडेही लागतात. म्हणून ज्याला खाजत नाही त्यानेही, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री औषध लावायचं. डॉक्टर बहुधा पर्मेथ्रिनचं 5 टक्क्यांचं मलम देतात. मानेपासून तळव्यांपर्यंत लावून सकाळी धुवायचं आणि आठवड्याने पुन्हा लावायचं. तान्ह्या मुलांसाठी मात्र डॉक्टरांना विचारून. कपडे-चादरी गरम पाण्यात धुवा. जे धुता येत नाही ते पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवा. नंतरही दोन-तीन आठवडे खाज रेंगाळते, तेव्हा घाबरून रोज मलम चोपडू नका.

दुसरा प्रश्न : अंगावर काय दिसतं? जांघेत, काखेत लाल कडेचे गोल चट्टे म्हणजे बहुधा गजकर्ण. इथेच ट्यूब घात करते. स्टिरॉइड मिसळलेल्या ट्यूबने दोन दिवस आराम पडतो, पण आत बुरशी फोफावते आणि कातडी पातळ होते. अशी अनेक मलमं 2018 पासून चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे. गांधी उठून काही तासांत विरत असतील, तर ते अंगावर उठणारं पित्त.

अंगावर काहीच नाही, नुसती खाज? सासूबाईंच्या वयात कोरडी कातडी हेच मोठं कारण. कढत पाणी आणि साबण कमी करा, अंग ओलसर असतानाच खोबरेल लावा. तरीही दोन आठवड्यांत उतार पडला नाही, तर रक्त तपासून घ्या. लोहाची कमतरता, थायरॉईड, मधुमेह, मूत्रपिंड किंवा यकृताचं दुखणं, एखादं चालू असलेलं औषध, यांपैकी काहीही कारण असू शकतं. सोबत वजन घटत असेल, ताप येत असेल किंवा डोळे पिवळे दिसत असतील, तर दोन आठवडेसुद्धा थांबू नका.

आणि एक गोष्ट पदराला गाठ मारून ठेवा. बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीला शेवटच्या तीन महिन्यांत अंगावर पुरळ नसताना खाज सुटली, विशेषतः रात्री तळहात आणि तळपाय खाजू लागले, तर "बाळाला केस येताहेत" म्हणून हसण्यावारी नेऊ नका. यकृतातून पित्त नीट वाहत नसलं, की असं होतं. आईला त्रास खाजेचाच, पण पोटातल्या बाळाच्या जिवाला धोका असतो. रक्ताच्या तपासणीत ते कळतं आणि वेळेवर कळलं तर बाळंतपण केव्हा करायचं हे डॉक्टर ठरवू शकतात. दापोलीला किंवा महाडला जावं लागलं तरी, त्याच दिवशी निघा.