बिदरीचा काळा रंग

बिदरी भांडे मुख्यतः जस्ताचे असते. त्यात थोडे तांबे मिसळतात. आज सोळा भाग जस्ताला एक भाग तांबे हे प्रमाण रूढ आहे. जस्त सुमारे ४२० अंश सेल्सियसला वितळते, त्यामुळे लहानशा भट्टीवरही ओतकाम होते. तांबे कमी असले तरी त्याच्यावाचून पुढचे काही साधत नाही. नुसत्या जस्तावर बिदरीचा काळा रंग चढतच नाही.

जुन्या पद्धतीत भांड्याचा घाट मातीतच ठरे. माती आणि शेणाचा गाभा चरकावर फिरवून कातत, त्यावर मेण व राळेचा थर देत आणि तोही चरकावर सारखा करत. वरून पुन्हा मातीचे लेपण होई. तापवल्यावर मेण वितळून बाहेर पडे आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतला जाई. सुरईची उंच मान, हुक्क्याच्या बुडाचा फुगीर घेर हे घाट चरकावरच घडले. हल्ली एरंडेल तेल आणि राळ मिसळलेल्या तांबड्या मातीचे साचे वापरतात.

ओतलेले भांडे कानशीने घासून गुळगुळीत करतात आणि त्यावर मोरचुदाचे पाणी फिरवतात. त्याने पृष्ठभाग तात्पुरता काळा होतो व कोरलेली रेघ उठून दिसते. बारीक छिन्नीने नक्षी खोदून त्या चरांत चांदीची तार ठोकून बसवणे ही तारकशी; तारेऐवजी पत्र्याचे तुकडे खोल बसवले की ते तहनिशान. मग पुन्हा घासकाम होते, आणि तात्पुरता काळेपणा निघून चांदी व जस्त जवळजवळ एकाच रंगाचे दिसू लागतात. इतक्या मेहनतीची नक्षी या टप्प्यावर दिसेनाशीच होते.

शेवटी माती लागते. बीदर जांभ्याच्या पठारावर वसले आहे. काळ्या रंगासाठी मात्र कारागीर बीदरच्या किल्ल्यातल्या जुन्या भागांतली, वर्षानुवर्षे ऊन-पाऊस न लागलेली माती आणतात. ती चांगली आहे की नाही हे जिभेवर ठेवून पारखले जाते. त्या मातीत नवसागर आणि पाणी घालून केलेला लेप तापवलेल्या भांड्यावर चोळला की मिश्रधातू कायमचा काळा पडतो. चांदीवर त्याचा परिणाम होत नाही. मातीच्या भांड्यावरची झिलई वरून चढलेला काचेचा थर असते. बिदरीचा काळा रंग धातूच्या स्वतःच्या पृष्ठभागात घडतो. पाहणारे चांदीची तारीफ करतात, पण या कलेचे खरे कसब त्या काळ्यात आहे. धुतल्यावर तेलाचा हात फिरवला की तो आणखी गडद होतो.

परंपरा या कलेचा उगम बहमनी दरबारात आलेल्या इराणी कारागिरांशी जोडते. उपलब्ध जुन्या वस्तू मात्र सतराव्या शतकापासूनच्या आहेत. हुक्क्याची बुडे, पानदान, पिकदाणी, हात धुण्याचे तस्त अशा दरबारी वस्तूंवर ही कला पोसली. पुढे लखनौ, मुर्शिदाबाद आणि पूर्णियातही बिदरीकाम होऊ लागले. १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनातही बिदरी मांडली गेली होती. हुक्के गेले, तशी मागणी फुलदाण्या, डब्या आणि दागिन्यांकडे वळली. बिदरीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि २०२३मध्ये बीदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री जाहीर झाली.