बघणारे कोण असतील?



गेल्या सभेत चहाच्या आधी एक विषय निघाला आणि चहा थंड होईपर्यंत चालला. विषय असा : आमच्या वस्तीतली काही सुरिनामी आणि आफ्रिकी वंशाची तरुण मुलं नवोदित कृष्णवर्णीय चित्रकारांसाठी एक स्पर्धा भरवायच्या विचारात आहेत. रीतसर, परीक्षक नेमून. त्यांना एका दिवसासाठी हॉल हवा आहे, थोडा पैसा हवा आहे, आणि त्याहून जास्त म्हणजे कामाला माणसं हवी आहेत. गणपतीत दोनशे माणसांची पंगत उठवणारे आपण, हे त्यांनी ऐकलं होतं.

मी सभेत विचारलं, मंडळानं हात द्यावा का? एक ज्येष्ठ काका म्हणाले, "आपला काय संबंध?" एका वहिनींनी विचारलं, "कलेत रंग कशाला बघायचा? सगळ्यांसाठी स्पर्धा आहेतच की." तिसरा प्रश्न खजिनदारांचा होता. तो दरवर्षी एकच असतो, इथे लिहायला नको. उत्तरं द्यायला वेळ उरला नाही, तेव्हा संपादकांनी मला दोन पानं दिली. पुढच्या सभेत मत द्यायच्या आधी ही वाचून यावीत, एवढीच विनंती.

आपला काय संबंध?

हॉलंडनं सुरिनाममधली गुलामगिरी १ जुलै १८६३ रोजी कायद्यानं बंद केली, पण मुक्त झालेल्या माणसांना आणखी दहा वर्षं सरकारी देखरेखीखाली मळ्यांवर राबावं लागलं. ती मुदत १ जुलै १८७३ ला संपली. मळेवाल्यांना नवे हात हवे होते, म्हणून त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, ५ जून १८७३ रोजी, 'लाला रुख' हे जहाज कलकत्त्याहून करारबद्ध मजूर घेऊन पारामारिबोला पोचलं. डेन हागमध्ये आपण ज्यांच्या दुकानातून कोथिंबीर आणि कारली आणतो ते हिंदुस्तानी म्हणजे त्या आणि तिच्यामागून आलेल्या जहाजांतल्या मजुरांचे वंशज.

आणि त्याच १८७३ साली पुण्यात जोतीराव फुल्यांचं 'गुलामगिरी' हे पुस्तक निघालं. अमेरिकेत काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना त्यांनी ते अर्पण केलं. पुढे १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहिलं आणि त्यांचं उत्तरही आलं. १९७२ मध्ये मुंबईच्या तरुण दलित लेखकांनी आपल्या संघटनेचं नाव ठेवलं 'दलित पँथर', ते अमेरिकेतल्या 'ब्लॅक पँथर'वरून. तेव्हा काका, संबंध आजचा नाही. आपल्या पणजोबांच्या काळापासूनचा आहे. फक्त आपण तो पुस्तकातच ठेवला.

वेगळी स्पर्धा कशाला?

वहिनींचा प्रश्न जास्त अवघड आहे, आणि तो अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वीच विचारला गेला होता. ती हकिगत थोडी सविस्तर सांगतो, कारण अशी स्पर्धा कशी करावी आणि कशी करू नये, दोन्ही तिच्यात आहे.

विल्यम हार्मन नावाच्या जमीनजुमल्याच्या धंद्यातल्या एका गोऱ्या धनिकानं १९२२ साली एक प्रतिष्ठान काढलं. १९२६ पासून ते कृष्णवर्णीयांना कला, साहित्य, संगीत, विज्ञान अशा विषयांत पदकं आणि रोख बक्षिसं देऊ लागलं. चित्रकलेचं पहिलं सुवर्णपदक पामर हेडन यांना मिळालं. ते पोटासाठी साफसफाईची कामं करत. वर्तमानपत्रांना चित्रापेक्षा झाडू जास्त महत्त्वाचा वाटला. 'सफाई कामगाराला चित्रकलेचं बक्षीस' अशा धर्तीच्या बातम्या आल्या. त्याच वर्षी कांस्यपदक हेल वुडरफ या तरुण चित्रकाराला मिळालं. दोघेही पुढच्या वर्षी पॅरिसला शिकायला गेले. म्हणजे बक्षिसाचा उपयोग झाला, हे नाकारता येत नाही.

पण १९३४ मध्ये रोमेअर बेअर्डन या तेवीस वर्षांच्या तरुणानं 'ऑपॉर्च्युनिटी' मासिकात हार्मन प्रतिष्ठानावर सडकून टीका केली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : तुम्ही कसाला न लागलेलं कामही केवळ काळ्या माणसाचं म्हणून मांडता आणि त्याचं कौतुक करता. कीव करून दिलेली शाबासकी कलावंताला वाढू देत नाही. टीका करणारा स्वतः कृष्णवर्णीय होता आणि पुढे अमेरिकेतला फार मोठा कोलाज-चित्रकार झाला. तेव्हा वहिनींची शंका एकट्या त्यांची नाही.

आता दुसरी बाजू. ते कांस्यपदकवाले वुडरफ १९३१ मध्ये परत आले आणि अटलांटा विद्यापीठात शिकवू लागले. दक्षिणेत वर्णभेदाचे कायदे कडक होते. त्यांच्या विद्यार्थ्यांना चित्रं लावायला भिंत नव्हती आणि ती पारखणारा डोळाही नव्हता. वुडरफनी १९४२ साली विद्यापीठातच कृष्णवर्णीय कलावंतांसाठी देशभरातून कामं मागवणारं वार्षिक स्पर्धा-प्रदर्शन सुरू केलं. ज्यांना आंबेडकरांनी पुढे पत्र लिहिलं ते ड्युबॉइस त्या वेळी याच विद्यापीठात प्राध्यापक होते. इथली खुबी बक्षिसात होती. मुख्य बक्षिसं खरेदीची होती. म्हणजे परीक्षकांनी निवडलेलं काम विद्यापीठ पैसे मोजून विकत घेई आणि जतन करी. १९४६ मध्ये वुडरफ न्यूयॉर्कला निघून गेले, तरी स्पर्धा १९७० पर्यंत, एकूण २९ वर्षं चालली. एलिझाबेथ कॅटलेट, चार्ल्स व्हाइट, जॉन विल्सन यांची कामं त्या संग्रहात आहेत, आणि तो आज क्लार्क अटलांटा विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात बघायला मिळतो.

फरक लक्षात आला ना? हार्मनच्या स्पर्धेत देणारा बाहेरचा आणि बातमी देणाऱ्याच्या दयेची. अटलांटात आयोजक स्वतः चित्रकार, आणि उरलं ते चित्र. स्पर्धा वेगळी असणं हा दोष नव्हे. तिथली पारख ढिली असणं हा दोष. गंमत म्हणजे, तेच टीकाकार बेअर्डन १९६९ मध्ये दोन चित्रकार मित्रांना घेऊन न्यूयॉर्कमध्ये 'सिंके गॅलरी' काढून बसले. कशासाठी? अल्पसंख्य समाजांतल्या नवोदित कलावंतांना भिंत मिळावी म्हणून.

पण हे हॉलंड आहे

खरं आहे. इथे वर्णभेदाचे तसे कायदे नाहीत. तरुण चित्रकारांसाठीचा राजघराण्याचा पुरस्कार १८७१ पासूनचा आहे आणि तो सर्वांना खुला आहे. २०१९ च्या व्हेनिस द्वैवार्षिकात नेदरलँड्सचं प्रतिनिधित्व रेमी युंगरमन आणि आयरिस केन्समिल या सुरिनामी मुळांच्या दोघांनी केलं. २०२१ चा योहानेस व्हर्मीर पुरस्कार, एक लाख युरोंचा, नताशा केन्समिल यांना मिळाला. मग अडतंय कुठे?

वयं बघा. युंगरमन यांचा जन्म १९५९ चा, आयरिस केन्समिल यांचा १९७० चा. म्हणजे व्हेनिसला जाताना एक साठीचे, दुसऱ्या पन्नाशीला टेकलेल्या. ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयानं सुरिनामी चित्रकारांचं मोठं प्रदर्शन भरवलं ते २०२०-२१ मध्ये. सुरिनाम स्वतंत्र झालं १९७५ ला, आणि त्याच सुमाराला हजारो कुटुंबं इथे आली. कलाशाळेतून बाहेर पडल्यापासून नाव होईपर्यंत जी वीस-तीस वर्षं जातात, त्यांतच बहुतेकजण रंग माळ्यावर टाकून पगाराची नोकरी धरतात. ही स्पर्धा त्या वर्षांसाठी आहे.

आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर अशी एक मुलगी राहते. नाव लिहीत नाही, तिनंच नको म्हटलं. दिवसा दुकानात काम करते, रात्री चित्रं. दोन-तीन ठिकाणी प्रवेश फी भरून चित्रं पाठवली, 'निवड झाली नाही' एवढ्या एका ओळीची पत्रं आली. या स्पर्धेबद्दल सांगितलं तेव्हा तिनं बक्षीस किती हे विचारलंच नाही. तिनं विचारलं, "बघणारे कोण असतील?"

मला वाटतं, सगळी स्पर्धा या एका प्रश्नात आहे.

कसं करायचं

माझी सूचना अशी. परीक्षक पाच असावेत, त्यांतले निदान तीन स्वतः कृष्णवर्णीय आणि काम करणारे कलावंत. पैसे देणाऱ्यांपैकी कोणी परीक्षक नसावा, म्हणजे आपणही नाही. कोणाचा विद्यार्थी किंवा नातेवाईक स्पर्धेत असेल तर त्या परीक्षकानं त्या चित्रापुरतं बाजूला बसावं.

चित्रांवर नाव नको, नंबर हवा. आम्ही प्रयोगशाळेत नमुने असेच तपासतो. कोणता नमुना कोणाचा हे मोजणाऱ्याला कळू द्यायचं नाही. आणि पहिल्या फेरीत प्रत्येक परीक्षकानं न बोलता, आपापल्या कागदावर गुण लिहावेत. चर्चा नंतर. हे मी अनुभवानं सांगतोय. आपल्या गणपतीतल्या बालचित्रकला स्पर्धेत आम्ही तिघे परीक्षक एकत्र उभे राहिलो, पहिल्यानं एका चित्रापुढे "वा!" म्हटलं आणि निकाल तिथेच लागला. दोष माझाही होता. घरी येऊन बाकीची चित्रं पुन्हा बघितली तेव्हा लाज वाटली.

प्रवेश फी नको. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्यासाठीच तर हे चाललं आहे. ज्यांची निवड होणार नाही त्यांना परीक्षकांच्या दोन-चार ओळी लेखी मिळाव्यात, गोड नव्हे, खऱ्या. बेअर्डनच्या टीकेला हेच उत्तर आहे.

कामाच्या बारीक गोष्टीही आहेत. तारखा निदान चार महिने आधी जाहीर व्हाव्यात. तैलरंग पाण्यासारखा वाळत नाही. त्यातलं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि जाड थराला महिनेही लागतात. घाईनं मागवलं तर ओली चित्रं एकमेकांना चिकटलेली येतील. मापाची मर्यादा हवी, नाहीतर दारातून आत येणार नाहीत. हॉलच्या हीटरवरची भिंत मोकळी ठेवावी. चित्रं घेताना पावती, आणि ती आपल्या ताब्यात असेपर्यंत विमा. ही कामं आपल्याला जमतात. पंगतीपेक्षा सोपी आहेत.

आणि बक्षीस अटलांटासारखं, खरेदीचं असावं. मंडळानं एक चित्र, परीक्षक निवडतील ते, योग्य किंमत देऊन घ्यावं आणि जिथे माणसं बघतील अशा ठिकाणी लावावं. एक सावधगिरी : चित्र विकत घेतलं म्हणजे त्याचा कॉपीराइट आपला होत नाही. इथल्या कायद्यानं तो चित्रकाराकडेच राहतो. उद्या आपल्या दिनदर्शिकेवर ते छापायचं तर त्याला विचारावं लागेल.

पैसा

खजिनदारसाहेब, घाबरू नका. 'ऑपॉर्च्युनिटी' मासिकाच्या साहित्यस्पर्धेत १९२५ मध्ये कवितेचं पहिलं बक्षीस लँग्स्टन ह्यूजला मिळालं, आणि एक मोठा कवी लोकांपुढे आला. त्या स्पर्धेच्या बक्षिसांना पुढे पैसे दिले हार्लेमच्या कॅस्पर होल्स्टीननं, म्हणजे तिथल्या आकड्यांच्या जुगाराच्या, आपल्या भाषेत मटक्याच्या, राजानं! आपल्याला तिथवर जायचं कारण नाही. हॉलचं एका दिवसाचं भाडं, एका चित्राची किंमत, आणि विम्याचा हप्ता. खेमेंटेकडे अनुदानासाठी अर्ज त्या मुलांनी करायचा, आपण फक्त सहआयोजक म्हणून सही द्यायची. दिवाळी फराळाच्या विक्रीतून उरलेली रक्कम यात घालावी, असं मी सुचवतो.

शेवटी एक. आपली स्वतःची मुलंही उद्या इथेच चित्रं काढतील, नाटकं लिहितील. त्यांचं काम कोणाच्या तरी टेबलावर जाईल आणि तीही विचारतील, बघणारे कोण आहेत? त्या दिवसासाठी आज थोडी सवय केलेली बरी.

पुढच्या सभेत हा विषय पहिला घ्यावा, असं अध्यक्षांना कळवलं आहे. होय म्हणा किंवा नाही म्हणा, पण या. काका, तुम्ही तर नक्की या. तुमचे प्रश्न अजून संपले नसणार. चहा या वेळी आधी ठेवू.