वापरलेली कार, चुकलेली सर्व्हिसिंग आणि कंपनीची वॉरंटी

कंपनीची वॉरंटी सहसा मालकाला नव्हे, गाडीला असते. पहिल्या विक्रीच्या तारखेपासून ती मोजली जाते आणि मुदत उरली असेल तर दुसऱ्या मालकाकडेही चालते. मारुती सुझुकीने जुलै २०२४ मध्ये ही मुदत २ वर्षे किंवा ४०,००० किलोमीटरवरून ३ वर्षे किंवा १ लाख किलोमीटर केली. यांपैकी जे आधी होईल ते लागू. वाढीव वॉरंटी मात्र बहुधा नव्या मालकाच्या नावे करून घ्यावी लागते.

खरी अडचण सर्व्हिसिंगची. महामार्गावर रोज धावणाऱ्या गाडीचे किलोमीटर भराभर वाढतात, तर घरी उभ्या गाडीचे वर्ष उलटते आणि सर्व्हिसिंगची तारीख लक्षातच राहत नाही. सर्व्हिसिंग चुकली की जुने ऑइल घट्ट होऊन गाळ साचतो, वंगण पोचत नाही, टर्बो आणि बेअरिंग झिजतात. अशा बिघाडाचा दावा कंपनी नाकारू शकते. पॉवर विंडोच्या मोटरचा ऑइलशी संबंध नाही, त्यामुळे तिच्यासाठी दावा करता येतो. पण काही कंपन्यांच्या अटी याहून कडक असतात. वॉरंटी पुस्तिका वाचणे म्हणूनच अत्यावश्यक. बाहेरच्या मेकॅनिकचे काम उत्तम असले तरी अधिकृत नोंदीत ते दिसत नाही.

दावा नाकारल्यास कारण लेखी घ्यावे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार २ वर्षांत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. गाडीचे पासिंग कुठलेही असो, इसार देण्यापूर्वी अधिकृत वर्कशॉपमधून गाडीचा सर्व्हिस इतिहास जरूर काढून घ्यावा.