‘टी’ मोटारीचा हंगेरियन शिल्पकार

फोर्ड हें नांव ठाऊक नाहीं असें घर विरळाच. परंतु ज्या ‘टी’ मोटारीनें तें नांव जगभर गाजलें, तिचे आराखडे रेखाटणारा योझेफ गालांब कितीकांस ठाऊक आहे?

हंगेरींतील माको गांवीं १८८१ सालीं तो जन्मला. बुडापेस्ट येथें यंत्रविद्या शिकून, जर्मनींत उमेदवारी करून तो अमेरिकेस गेला व १९०५ च्या अखेरीस डेट्रॉइट येथें फोर्डच्या कारखान्यांत लागला. तेथील एका लहानशा खोलींत हेन्री फोर्डनें आपल्या मातोश्रींच्या झुलत्या खुर्चींत बसून कल्पना सांगाव्या आणि गालांबनें त्या फळ्यावर उतरवाव्या, असा क्रम चाले. विल्स, हफ आदि सहकारी होतेच.

त्या काळीं गति बदलतांना दांतेरी चाकें एकमेकांवर खरखरत. नवशिक्याच्या हातून तीं मोडतही. ‘टी’च्या यंत्रांत लहान चाकें ग्रहांप्रमाणें मधल्या चाकाभोंवतीं फिरत व सदैव गुंतलेलीं असत, पायानें पट्टा आवळला कीं गति बदले. त्यामुळें साध्या शेतकऱ्यासही मोटार हांकतां येऊं लागली. १९०८ ते १९२७ या काळांत अशा दीड कोटी गाड्या निघाल्या.

गालांब १९५५ सालीं डेट्रॉइट येथेंच वारला. तथापि माकोंतील गरीब, हुशार मुलांसाठीं त्यानें शिष्यवृत्ति ठेविली होती. कळस सर्वांस दिसतो, पाया दिसत नाहीं. पण परदेशीं गेलेला मुलगा आपल्या गांवास विसरला नाहीं, याहून मोठी कीर्ति ती कोणती?