लहान बोरची गोळी आणि हरीण

यंदा दिवाळीच्या साफसफाईत आपल्या एका सभासदांच्या लष्करमधल्या जुन्या घरी, माळ्यावर एक टिनाचा डबा निघाला. आत आजोबांच्या वेळची अकरा काडतुसे. काहींच्या गोळीचे टोक पिवळ्या धातूने पुरते मढवलेले, काहींचे उघडे, करड्या शिशाचे. हा फरक कशासाठी, असे त्यांनी विचारले. त्याच आठवड्यात कोलोराडोत डेन्व्हरजवळ राहणाऱ्या आमच्या भाच्याचा फोन आला. ऑफिसातले मित्र हरणाच्या शिकारीला नेणार आहेत, एकजण आपली ०.२२३ बोरची रायफल देतो म्हणतो, तिचा धक्का खांद्याला फारसा बसत नाही, चालेल का? दोन्ही प्रश्न एकाच ठिकाणी येऊन मिळतात, म्हणून हे टिपण.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. आपण बोलताना सगळ्यालाच गोळी म्हणतो. पण पितळी नळकांडे, दारू आणि टोकाशी बसवलेली गोळी मिळून काडतूस होते. उडून जाते ती फक्त गोळी. बोर म्हणजे नळीच्या आतला व्यास, ०.२२३ म्हणजे इंचाच्या पावभागापेक्षाही कमी. गोळीचे वजन ग्रेनमध्ये सांगतात, आणि ग्रेन आपल्याला परका नाही. जुना तोळा बरोबर १८० ग्रेनचा, म्हणजे मासा १५ ग्रेनचा. अमेरिकेत मोठ्या जनावरांसाठी वापरतात त्या ०.३०-०६ ची १८० ग्रेनची गोळी म्हणजे एक तोळा. ०.२४३ ची १०० ग्रेनची गोळी पावणेसात माशांच्या आतबाहेर. आणि ०.२२३ ची नेहमीची ५५ ग्रेनची गोळी साडेतीन माशांहून जराशीच जास्त. एवढ्याशा धातूने सत्तर-ऐंशी किलोचे जनावर क्षणात पडायला हवे असेल, तर तो धातू आत जाऊन काय करतो यावर सगळे अवलंबून असते.

हा प्रश्न पहिल्यांदा ऐरणीवर आला तो आपल्याच देशात, आणि शिकारीत नाही, लढाईत. इंग्रजांच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलीची शिशाची गोळी ४८० ग्रेनची, अडीच तोळ्यांहून जड. ती मुळातच मोठे भोक पाडायची. पुढे ०.३०३ आली. गोळी २१५ ग्रेनची, वेग पुष्कळ जास्त, आणि शिसे नळीत घासून चिकटू नये म्हणून वरून धातूचे पूर्ण कवच. १८९५ च्या चित्राल मोहिमेनंतर तक्रारी आल्या की ही गोळी बारीक भोक पाडून आरपार जाते आणि लागलेला माणूस चालूनच येतो. तेव्हा कलकत्त्याजवळच्या डमडम कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी टोकावरचे कवच काढून शिसे उघडे ठेवले. अंगात शिरताच ते टोक छत्रीसारखे पसरे. जखम इतकी भयंकर होई की १८९९ च्या हेग परिषदेत अशा गोळ्यांवर युद्धात बंदी घालण्याची घोषणा झाली.

शिकारीत मात्र न्याय उलटा लागतो. जखमी सैनिक लढाईतून बाजूला झाला की पुरे. जखमी हरीण काटेरी झुडपात जाऊन दोन दिवस तडफडत मरते. म्हणून डब्यातली उघड्या टोकाची काडतुसे हरणासाठी असणार. पूर्ण कवचाची गोळी जाड हाडाच्या, जाड कातडीच्या जनावरासाठी. वॉल्टर बेल या शिकाऱ्याने आफ्रिकेत ०.२७५ सारख्या लहान बोरने शेकडो हत्ती मारले ते तसल्याच, न पसरणाऱ्या गोळीने, कारण तिथे खोल जाणे एवढेच काम होते. हरणाच्या छातीला तीच गोळी लागली तर सुईने टोचल्यासारखी पलीकडे जाते.

आता भाच्याची ०.२२३. तिची दुकानात सहज मिळणारी काडतुसे बहुतेक दोन प्रकारची. एक लष्करी धर्तीची, पूर्ण कवचाची, निशाणबाजीच्या सरावासाठी. ती हरणाला वर्ज्य. दुसरी अधिक फसवी. तिचे टोक मऊ किंवा पोकळ असते, पाकिटावर शिकारीचे चित्रही असते, पण ती बनवलेली असते प्रेअरी डॉग, कोल्हा असल्या लहान प्राण्यांसाठी. कवच कागदासारखे पातळ. हरणाच्या खांद्याच्या हाडावर ती तिथल्या तिथे फुटून चुरा होते. वर तळहाताएवढी जखम, आत फुप्फुस शाबूत, आणि हरीण पसार. आजोबांच्या पिढीनेही हे पाहिले होते. १९१२ च्या सुमारास ०.२२ सॅव्हेज हाय-पॉवर आली, तेव्हा ७० ग्रेनच्या गोळीने वाघ पडल्याच्या बातम्या चीनमधून येत होत्या. नंतर कळले की कधी पडतो, कधी नाही. त्या ‘कधी नाही’चा हिशेब बातमीत येत नाही.

मधला मार्ग निघाला तो गोळीच्या बांधणीतून. १९४६ मध्ये कॅनडात एका मूसला मारलेल्या गोळ्या वरच्यावर फुटल्या, म्हणून जॉन नॉस्लर यांनी कवचाच्या आत आडवी भिंत घातली. पुढचे शिसे पसरते, भिंतीमागचे घट्ट राहून खोल जाते. तिला पार्टिशन म्हणतात. दुसऱ्या प्रकारात शिसे कवचाला सांधून टाकतात. तिसरी गोळी अख्खी तांब्याची, टोक पाकळ्यांसारखे उमलते. लहान बोर घ्यायचाच तर या तीनपैकी एक हवी. पण तांबे शिशाहून हलके असल्याने त्याच वजनाची गोळी लांब होते, आणि लांब गोळी स्थिर उडायला नळीतले पेच घट्ट लागतात. जुन्या ०.२२३ रायफलीत बारा इंचांत एक फेरा असतो; त्यातून लांब गोळी लट्टू मंदावल्यासारखी डगमगते. आठ किंवा सात इंचांत एक फेरा असेल तर चालते. रायफलीच्या नळीवर हा आकडा बहुधा कोरलेला असतो, तो आधी वाचावा.

मांस घरी शिजणार असेल तर आणखी एक गोष्ट. शिशाच्या गोळीचे बारीक कण जखमेपासून बऱ्याच अंतरापर्यंत मांसात उडतात आणि दाताला लागतही नाहीत. घरात लहान मुले किंवा गरोदर बाई असेल तर तांब्याचीच गोळी घ्यावी, असे आमचे मत. कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाला पूर्ण बंदी आहे.

एवढे सगळे सांगून झाल्यावर भाच्याने तिकडचा नियम वाचला आणि मित्राच्या रायफलीचा प्रश्नच मिटला. कोलोराडोत हरणासाठी किमान ०.२४ बोर, गोळी पसरणारी आणि किमान ७० ग्रेनची लागते. टेक्सासमध्ये ०.२२३ चालते. इंग्लंडमध्ये हरणांना सर्वसाधारणपणे किमान ०.२४० लागतो, फक्त मुंटजॅक आणि चायनीज वॉटर डीअर या लहान हरणांना ०.२२० पासून मुभा आहे. मुंटजॅक म्हणजे आपल्या भेकराचा चुलतभाऊ. राज्य बदलले की नियम बदलतो, तेव्हा मित्राच्या सांगण्यावर जाऊ नये. आणि जी मुले एच-१बी सारख्या व्हिसावर आहेत त्यांच्यासाठी ठळक सांगतो: अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने त्यांना बंदूक किंवा काडतूस बाळगायला बंदी आहे. वैध शिकार परवाना असेल तर अपवाद मिळतो. म्हणजे परवाना आधी, मित्राची रायफल हातात नंतर. भाचा आता शिकारीचा सुरक्षा वर्ग करतो आहे. ०.२४३ मिळाली तर जाईन, नाहीतर नुसता बरोबर फिरेन, म्हणाला. बाजूने उभे असलेल्या हरणाच्या पुढच्या पायामागे भाकरीएवढीच जागा असते. शंभर यार्डांवरून तेवढ्यात पाच गोळ्या लागेपर्यंत जाऊ नकोस, असे आम्ही त्याला सांगितले आहे.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा विषय संपलेला आहे. चितळ, सांबर, काळवीट, कशाचीही हौसेची शिकार हा गुन्हा आहे. पण माळ्यावरचे डबे राहिलेत. परवानाधारक वारल्यावर काडतुसे घरात ठेवणे हाही शस्त्र कायद्याने गुन्हाच, मग ती साठ वर्षांची का असेनात. ती नदीत टाकू नयेत, रद्दीवाल्याला देऊ नयेत, आणि उडतात का हे पाहण्याचा मोह तर मुळीच नको. जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी. आमच्या सभासदांनी अकराही काडतुसे तशी जमा केली. डबा ठेवून घेतला आहे. त्यात आता बटणे आहेत.