मिक्सरवर बसलेला वादक

बँडच्या कार्यक्रमाच्या जाहिरातीत गायकाचं नाव असतं, ड्रमरचं असतं, प्रायोजकाचंही असतं. प्रेक्षकांच्या मधोमध मिक्सरसमोर उभं राहून तो सगळा आवाज ज्याने लोकांपर्यंत पोचवला, त्याचं मात्र नसतं. संयोजकांच्या हिशोबात तो ‘साउंडवाला’ असतो, स्पीकर आणि वायरींबरोबर टेम्पोतून उतरलेला माणूस. माझं म्हणणं असं आहे की गावोगाव फिरणाऱ्या बँडने आपल्या साउंड इंजिनिअरला वादकांतच मोजलं पाहिजे, आणि शक्य असेल तर गिटारिस्टला नेतात तसंच त्यालाही प्रत्येक गावी बरोबर नेलं पाहिजे. मंचावर वाजतं ते मैदानात जसंच्या तसं कधीच पोचत नाही. गाण्यात ढोलकी किती पुढे यावी, बेस किती जड असावा, कोरसमध्ये मूळ गायक बुडावा की वर राहावा, हे निर्णय त्या क्षणी तोच घेतो. हे सांगीतिक निर्णय आहेत. गाणं ज्याला पाठ नाही, त्याला ते वेळेवर घेता येत नाहीत.

हा माणूस नसला की काय होतं, याचा सगळ्यात ठळक दाखला बीटल्सचा आहे. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये ५५ हजारांहून अधिक लोक त्यांना ऐकायला आले होते. व्हॉक्स कंपनीने त्यांच्यासाठी शंभर वॉटचे अँप्लिफायर केले होते, आणि गाण्याचा आवाज स्टेडियममधल्या घोषणांसाठी लावलेल्या यंत्रणेतून जात होता. गायक-वादकांना स्वतःचा आवाज ऐकवणारे मॉनिटर स्पीकर तेव्हा रूढच झाले नव्हते. प्रेक्षकांच्या किंकाळ्यांत चौघांना एकमेकांचं वाजणं ऐकू येईना. गाणं कुठवर आलंय हे पुढच्यांच्या हालचालींवरून ओळखावं लागे, असं रिंगो स्टारने पुढे सांगितलं आहे. वर्षभरानंतर, २९ ऑगस्ट १९६६ला सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कमध्ये त्यांनी तिकीट लावून केलेला शेवटचा कार्यक्रम झाला, आणि ते कायमचे स्टुडिओत गेले. त्याला कारणं अनेक होती, पण ऐकूच न येणारं संगीत वाजवण्याचा वैताग त्यातलं मोठं कारण होतं.

याच्या नेमका उलटा प्रयोग ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडने १९७४ साली केला. औस्ली स्टॅन्ली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बँडच्या मागे स्पीकरची अवाढव्य भिंत उभी केली, आणि ‘वॉल ऑफ साउंड’ याच नावाने ती ओळखली जाते. प्रत्येक वाद्याला स्वतंत्र स्पीकर. वादकांना जे ऐकू येई तेच प्रेक्षकांना, आणि आपला आवाज किती ठेवायचा हे बहुतांशी वादकाच्याच हाती. स्पीकर पाठीमागे असल्याने माईकने शिट्टी मारायला हवी होती. त्यावर तोड अशी निघाली की प्रत्येक गायकासमोर दोन माईक उलट्या ध्रुवतेने जोडायचे आणि गायकाने एकातच गायचं. मागून येणारा आवाज दोन्ही माईकांत सारखाच शिरतो आणि एकमेकांना खोडून टाकतो. गायकाचा आवाज एकाच माईकात जातो, म्हणून तेवढा उरतो. यंत्रणा चालली, आणि उत्तम चालली. पण तिचं वजन सुमारे पंच्याहत्तर टन होतं, उभारणीला आणि ने-आणीला माणसांची फौज लागे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरनंतर बँडने दौरे थांबवले आणि भिंतही निवृत्त झाली. मिक्सरवरच्या माणसावाचून भागवायचा इतका गंभीर प्रयत्न दुसरा क्वचितच झाला असेल. त्यानंतरही जगभरची पद्धत तीच राहिली: प्रेक्षकांत बसलेला एक माणूस, त्याच्या हाताखाली सगळे फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकपट्ट्या.

तो माणूस नेमकं काय करतो, हे मोठ्या मैदानातल्या एका गोष्टीवरून समजून घेता येईल. मंचापासून शंभर मीटरवर, मागच्या प्रेक्षकांसाठी, स्पीकरचा दुसरा मनोरा असतो. वायरीतून त्याच्यापर्यंत सिग्नल तत्काळ पोचतो, पण मंचावरून हवेतून निघालेला आवाज तिथे यायला सुमारे २९० मिलिसेकंद घेतो. मनोरा तसाच चालू ठेवला तर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येईल. म्हणून मनोऱ्याचा आवाज तेवढाच उशिरा सोडतात, आणि वर आणखी दहा-पंधरा मिलिसेकंद. हे जादाचे मिलिसेकंद महत्त्वाचे. जो आवाज आधी येतो त्याच्या दिशेला कान मूळ समजतो; हेल्मुट हास याने १९४९मध्ये मांडलेल्या या परिणामामुळे मागच्या रांगेतल्या माणसालाही गायक समोरच्या मंचावरूनच गातोय असं वाटतं. आता गंमत अशी की हवा तापली की ध्वनी वेगाने धावतो, दर अंशाला सेकंदाला सुमारे ०.६ मीटर. दुपारी ३५ अंशांत बसवलेलं हे गणित रात्री २२ अंशांवर सहा-सात मिलिसेकंदांनी सरकलेलं असतं, म्हणजे त्या जादा उशिरातला बराचसा भाग हवेनेच खाल्लेला असतो. शिवाय दुपारी रिकामं असलेलं सभागृह रात्री माणसांनी भरतं, माणसं आणि कपडे उंच स्वर शोषून घेतात, आणि साउंडचेकला कानाला टोचणारी झांज आता बोथट होते. पहिल्या दोन गाण्यांत इंजिनिअर जी धावपळ करतो ती यासाठी.

आपल्याकडच्या बँडसाठी हे काम आणखी अवघड आहे. गिटार, बेस आणि कीबोर्ड थेट तारेने मिक्सरला जोडता येतात. ढोलकी, तबला, बासरी, हार्मोनियम, टाळ यांना माईकच लागतो, आणि उघडा माईक समोरचं सगळंच ऐकतो. हार्मोनियमच्या माईकात शेजारचा ड्रम शिरतो. उघड्या माईकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टी वाजण्याआधी मिळणारी पातळी सुमारे तीन डेसिबलने घटते. म्हणजे लोकसंगीत आणि रॉक एकत्र करणारा दहा जणांचा बँड चार जणांच्या रॉक बँडपेक्षा शिट्टीच्या कितीतरी जवळ उभा असतो. बासरी थांबली की तिचा माईक खाली घ्यायचा आणि तिची जागा येण्याच्या अर्धा क्षण आधी वर आणायचा, यावर बराचसा स्वच्छपणा अवलंबून असतो. ती जागा कधी येते हे भाड्याच्या यंत्रणेबरोबर आलेल्या अनोळखी माणसाला, तो कितीही हुशार असला तरी, कसं कळावं?

यावर एक जुना आणि आदराने ऐकावा असा आक्षेप आहे. संगीत नाटकाच्या सुवर्णकाळात माईक नव्हता, बालगंधर्वांच्या गाण्याला ऑर्गन, सारंगी आणि तबला एवढीच साथ होती, आणि गाणं ऐकू येत होतं. मग आजच्या कलाकारांना ही कुबडी का लागते? उत्तर साथीतच आहे. सारंगी गायकाच्या आवाजाशी झुंजत नाही, आणि अहमदजान थिरकवांसारखा तबलजी गाण्याला जागा देऊन वाजवतो. तिथे आवाजाचा तोल वादकच राखत होते. ड्रमसेटच्या शेजारी शंभर डेसिबलपेक्षा जास्त पातळी सहज भरते; तिथे मानवी गळ्याला निसर्गतः जागा नाही. वादकांकडून गेलेलं तोल राखण्याचं काम मिक्सरवर आलं आहे, आणि म्हणूनच ते करणारा माणूस साथीदार आहे.

दुसरा आक्षेप आजचा आहे. डिजिटल मिक्सरमध्ये प्रत्येक गाण्याची मांडणी साठवता येते, पेन ड्राइव्हवर घेऊन पुढच्या गावी उघडता येते, स्पीकर कुठे टांगावेत हे संगणक सांगतो. खरं आहे, आणि या सोयींमुळे काम फार सुधारलं. पण साठवलेली मांडणी कालच्या सभागृहाची असते. गायकाचा घसा आज बसलाय, तबल्याची पुडी दमटपणाने सैल पडलीय, पुढच्या रांगेत आज मुलं ओरडतायत, यातलं काहीच त्या फाइलमध्ये नसतं.

आवाज मोठा करणारा तोच, तेव्हा कान बिघडवणाराही तोच, असंही म्हटलं जातं. या तक्रारीत तथ्य आहे, आणि ती करणाऱ्यांच्या बाजूने मी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली कार्यक्रमस्थळांसाठी पंधरा मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबलची मर्यादा सुचवली. पातळी तीन डेसिबलने वाढली की ऐकण्याचा सुरक्षित वेळ निम्मा होतो. आपल्याकडे २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक बंद, आणि ठरावीक दिवसांपुरतीच बारापर्यंत सवलत. दिवसा उन्हाने तापलेल्या जमिनीवरून ध्वनी वर वळतो, तर रात्री जमिनीलगत थंड हवा साचली की तो खाली वळून दूरच्या वस्तीपर्यंत पोचतो, हेही इंजिनिअरला ठाऊक हवं. आवाज वाढवण्याची मागणी बहुतेक वेळा गाण्याचे शब्द कळत नसल्यामुळे येते. जाणकार माणूस अशा वेळी गायकाचा फेडर वर नेण्याआधी गिटार आणि कीबोर्डमधले शब्दांना झाकणारे मधले स्वर कापतो, आणि एकूण पातळी न वाढवता शब्द उघडे पडतात.

उरतो पैशाचा प्रश्न, आणि छोट्या बँडसाठी तो खरोखर बिकट आहे. रात्रीच्या बसने जाऊन परत येणाऱ्या पाच मुलांना सहावं तिकीट परवडत नाही. त्यांनी निदान स्वतःचे गायनाचे माईक न्यावेत, वाद्यांची आणि माईकांची यादी व मंचाचा नकाशा आठवडाभर आधी स्थानिक यंत्रणेला पाठवावा, गाण्यांच्या क्रमापुढे कुठे कोणतं वाद्य पुढे येतं ते लिहून द्यावं, आणि साउंडचेकला वेळेवर पोचावं. पण ज्या बँडला सातवा वादक घेणं परवडतं, त्यांनी तो घेण्याआधी मिक्सरवर आपला माणूस बसवावा. तालमीलाही त्याला बोलवावं, आणि मानधनाची वाटणी करताना त्याचा वाटा वादकांइतकाच धरावा.